तार तुटली कोठे?

रस्त्याच्या कडेच्या खांबावर चढलेला टेलिफोन खात्याचा लाईनमन ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्याच्या कमरेला लटकणारे ते जाडजूड रिसिव्हरसारखे यंत्र निश्चित आठवत असेल. त्याला आकड्यांची तबकडी असे आणि शेपटीला दोन चिमटे असत. खांबावरच्या डबीतील दोन तारांना ते चिमटे लावावयाचे आणि रिसिव्हर कानाशी धरावयाचा. अखंड गुणगुणता स्वर ऐकू आला, तर एक्स्चेंजपासून या खांबापर्यंत सारे ठीक. दोष असलाच तर तो खांबापासून आपल्या घरापर्यंतच्या टप्प्यात. स्वर नसेल, तर तो खाली उतरे आणि एक्स्चेंजच्या दिशेने पुढच्या डबीकडे सायकल हाकी. आपला टेलिफोन का बंद पडला, याची चर्चा तो आपल्याशी फारशी करीत नसे. तो कोठे बंद पडला, हे शोधण्यात त्याची सकाळ जाई.

संगणकांच्या जाळ्याची दुरुस्ती करणारा तरुण आज हातात मावेल एवढी जी पेटी घेऊन येतो, ती याच घराण्यातली आहे. साधी असेल तर बाजारात तिला लॅन टेस्टर म्हणतात. अधिक जाणती असेल तर नेटवर्क टेस्टर. शाळेची संगणक-खोली, पतपेढी, दवाखाना, सार्वजनिक वाचनालय, फार काय, दोन मजली घर, जेथे जेथे भिंतीतून निळ्या किंवा करड्या केबली गेल्या आहेत, तेथे कधी ना कधी या पेटीची गरज पडतेच. मात्र ती काय सांगते आणि काय सांगत नाही, हे तिच्याकडे पाहणाऱ्या यजमानास बहुधा ठाऊक नसते. त्या अज्ञानाची किंमत संस्थांना मोजावी लागते, म्हणून हा विषय आपल्या मासिकाच्या वाचकांपुढे मांडावासा वाटला.

विद्या जुनी आहे. आपल्या देशात डॉ. विल्यम ओशॉनेसी यांनी तारायंत्राचे प्रयोग 1839 साली कलकत्त्यास केले, आणि 1851 साली कलकत्ता व डायमंड हार्बर यांच्यामध्ये तारेची वाट सुरू झाली. पुढे तीनच वर्षांत, 1854 मध्ये, आग्रा आणि मुंबई तारेने जोडली गेली. ही तार आग्रा-मुंबई रस्त्याच्या अनुरोधाने ग्वाल्हेर, इंदूर अशी गावे घेत दक्षिणेकडे उतरली होती. शेकडो मैल उघड्या रानातून गेलेली तार! तिच्यावर फांदी पडली, वादळाने खांब लवला, तर शोधावयाचे कोठे? त्या काळच्या अभियंत्यांनी यावर जी युक्ती योजली तिचे तत्त्व शाळेतील मुलास समजण्याजोगे आहे. तारेला विजेचा विरोध असतो आणि तो लांबीच्या प्रमाणात वाढतो. तार तुटून जमिनीला टेकली असेल, तर आपल्या टोकाकडून विरोध मोजावा, मैलामागे किती विरोध हे ठाऊक असतेच, भागाकार करावा. दोष किती मैलांवर आहे ते कळते. ओल्या जमिनीचा, गंजाचा हिशेब निराळा धरावा लागे, परंतु अंतर न चालता मोजण्याची वाट सापडली ती येथे.

समुद्रातील केबलीच्या बाबतीत तर दुसरा उपायच नव्हता. 1858 साली अटलांटिक महासागराच्या तळाशी टाकलेली पहिली केबल जेमतेम तीन आठवडे बोलली आणि मुकी झाली. 1865 साली 'ग्रेट ईस्टर्न' हे अजस्र जहाज आयर्लंडहून दुसरी केबल सोडीत निघाले. तेव्हा जहाजावर आणि किनाऱ्यावर दोन्हीकडे माणसे रात्रंदिवस मोजमाप करीत बसली होती. काही मैल केबल सोडून होते तोच काटा बिघाड दाखवू लागला. केबल उलटी ओढून घेतली, तर तिच्या वेष्टनातून आरपार घुसलेला तारेचा एक लहानसा तुकडा सापडला! बोटाच्या पेराएवढा तो तुकडा आणि केबल शेकडो मैलांची. पुढे त्याच वर्षी ती केबल तुटून तळाशी गेली. 1866 मध्ये नवी टाकली गेली आणि जुनीही समुद्राच्या तळातून उचलून पुरी करण्यात आली. हेच जहाज 1870 च्या आरंभी मुंबईस आले आणि येथून एडनपर्यंत केबल टाकीत गेले. मुंबईचे विलायतेशी समुद्राखालून बोलणे सुरू झाले ते त्या वर्षी.

आता संगणकाकडे वळू. 1973 साली अमेरिकेतील पालो आल्टो येथील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी इथरनेट नावाची पद्धत निर्माण केली. एका इमारतीतील सारे संगणक एकाच केबलला जोडावयाचे आणि प्रत्येकाने आपली पाळी पाहून बोलावयाचे, अशी ती रीत. तिचा बारीक केबलीचा अवतार पुढे स्वस्त म्हणून बँकांतून, महाविद्यालयांतून पसरला. ती केबल दूरदर्शनच्या ॲन्टेनाच्या केबलीसारखी दिसे. तिच्या दोन्ही टोकांना पन्नास ओहमचे एकेक टोपण बसवावे लागे. सफाई करताना कोणी ते टोपण काढले, की साऱ्या खोलीचे संगणक एकदम मुके होत. कारण मोठे मौजेचे आहे. विहिरीत हाक मारावी आणि ती तळावर आपटून परत यावी, तसा विजेचा संकेत उघड्या टोकावर आपटून परत फिरे आणि मागून येणाऱ्या संकेतात मिसळून सगळाच गलका करी. ते टोपण आलेली हाक गिळून टाकण्यासाठी असे. ही परत फिरणारी हाक ध्यानात ठेवावी. ती पुढे औषध म्हणून उपयोगी पडणार आहे.

1990 साली दुसरी रीत प्रमाण म्हणून मान्य झाली आणि तीच थोड्याफार सुधारणांनिशी आज सर्वत्र आहे. येथे प्रत्येक संगणकाला स्वतंत्र केबल. साऱ्या केबली मध्यवर्ती पेटीत येऊन मिळतात. त्या पेटीला स्विच म्हणतात, जरी त्याचा दिव्याच्या बटणाशी काही संबंध नाही. एक केबल तुटली तर एकच संगणक बंद पडतो, हा लाभ खराच. पण केबलींची संख्या वाढली. एका केबलीत आठ तारा, दोन टोके, म्हणजे सोळा जोड. तीस संगणकांच्या खोलीत असे चारशे ऐंशी जोड झाले, आणि त्यांतला प्रत्येक जोड कोणीतरी गुडघ्यांवर बसून, डोळे बारीक करून हाताने केलेला असतो.

या आठ तारा सुट्या नसतात. दोन-दोनच्या चार जोड्या एकमेकींस पीळ देऊन बसविलेल्या असतात. पीळ कशासाठी? शेजारून जाणारी विजेची लाईन, ट्यूबलाइटचा चोक, पंख्याची मोटर, या साऱ्यांचा उपद्रव तारेवर होतो. दोन तारा एकमेकींभोवती गुंडाळलेल्या असल्या, म्हणजे तो उपद्रव दोघींवर सारखाच होतो. संगणक पाहतो तो दोहोंमधील फरक. सारखे ते सारखे वजा होऊन जाते. टेलिफोनसाठी ही युक्ती अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी काढली आणि तिचे पेटंट त्यांना 1881 साली मिळाले. चार जोड्यांचे पीळही जाणूनबुजून कमीजास्त घट्ट ठेवतात, नाही तर शेजारच्या जोड्याच एकमेकींचे बोलणे ऐकू लागतील.

आता खरी मेख. प्लास्टिकच्या त्या लहानशा कनेक्टरात तारा कोणत्या क्रमाने घालावयाच्या? नवशिक्यास वाटेल, नारिंगीची जोडी, मग हिरव्याची, मग निळ्याची, मग तपकिरीची. नीटनेटका, पाढ्यासारखा क्रम. परंतु प्रमाण क्रम तसा नाही. प्रचलित रीतीत प्रथम पांढरी-नारिंगी व नारिंगी, मग पांढरी-हिरवी, त्यानंतर निळी, मग पांढरी-निळी, मग हिरवी, आणि शेवटी पांढरी-तपकिरी व तपकिरी. म्हणजे हिरवी जोडी तिसऱ्या आणि सहाव्या घरात दुभंगून बसते व तिच्या कुशीत निळी. याचे कारण मधली दोन घरे टेलिफोनसाठी राखण्याची जुनी चाल. कारण काही असो, संगणक तिसऱ्या व सहाव्या घरातील तारांना एक जोडी समजतो. नीटनेटक्या क्रमाने भरले, तर त्या दोन घरांत एक तार हिरव्या जोडीतली आणि दुसरी निळ्या जोडीतली येते. लग्न एकीशी आणि संसार दुसरीशी, असा प्रकार होतो. पिळाचा सारा लाभ जातो. यालाच या व्यवसायात स्प्लिट पेअर म्हणतात.

आणि साध्या लॅन टेस्टरला हा दोष दिसत नाही. साधा टेस्टर काही शे रुपयांना मिळतो. त्याचे दोन तुकडे असतात. एक केबलीच्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला. बटण दाबले, की एक ते आठ दिवे क्रमाने लागत जातात. एखादी तार तुटली असेल तर तो दिवा लागत नाही. अदलाबदल झाली असेल तर एकीकडे तीन लागला असता दुसरीकडे पाच लागतो. दोन तारा एकमेकींस चिकटल्या असतील तर दिव्यांच्या मंदपणावरून वा एकत्र लागण्यावरून जाणकारास समजते. एवढे काम तो प्रामाणिकपणे करतो. पण दोन्ही टोकांना सारखाच चुकीचा क्रम असला, तर एकला एक, तीनला तीन, सहाला सहा. सारे दिवे हसतमुखाने लागतात.

माझ्या शाळेतील संगणक-खोलीत चोवीस संगणक आहेत. केबली एका ठेकेदाराने टाकल्या होत्या, आणि काम ताब्यात देताना त्याने असे दिवे लावून दाखविले होते. फाइलीत तशी नोंद आहे. एका संगणकावर काम चालले असता अडचण नसे. वर्ग भरला आणि सर्वांनी एकदम कामास आरंभ केला, की निम्म्या पडद्यांवर ते गोल चक्र फिरत राही. आठवड्यास एका वर्गाच्या वाट्यास पस्तीस मिनिटांचा एक तास. त्यातली पंधरा मिनिटे चक्र पाहण्यात जात. त्यातच शिष्यवृत्तीचे अर्ज भरावयाचे दिवस आले. ज्यांच्या घरी संगणक नाही, ज्यांच्या वडिलांचा मोबाईल दिवसभर त्यांच्याबरोबर कामावर असतो, अशा मुलांचे अर्ज शाळेतूनच जावयाचे. आणि अर्धा अर्ज भरून होतो न होतो तोच तो पुसला जाई. ठेकेदाराचे म्हणणे पडले, की यंत्रे जुनी झाली, नवी घ्यावीत. तसा प्रस्ताव वर जाण्याच्या बेतात होता. सरकारी शाळेत यंत्रे रद्द करणे सोपे असते. बदली यंत्रे येणे सोपे नसते, हे ज्यांनी कागद हलविले आहेत ते जाणतात.

शाळेचाच एक जुना विद्यार्थी केबलींच्या कामात आहे. तो आपली यंत्रे घेऊन आला. प्रथम त्याने साधा टेस्टरच लावला. आठही दिवे लागले. मी म्हणालो, "म्हणजे केबल ठीक आहे."

"सर, दिवे खोटे बोलत नाहीत," तो म्हणाला, "पण आपण त्यांना एवढेच विचारले, की तार इथून तिथपर्यंत आहे का. ती बोलते कशी, हे विचारले नाही."

मग त्याने दुसरी, पडदा असलेली पेटी काढली. चोवीसपैकी नऊ केबलींवर स्प्लिट पेअर लिहून आले. दोन माणसांपैकी एकाने प्रमाण क्रम पाळला होता आणि दुसऱ्याने आपल्या मनाचा सरळ क्रम, हे टोके उघडताच रंगांवरून कळले. नऊ केबलींची अठरा टोके कापून नवे कनेक्टर बसविले. त्यांची किंमत एका पाठ्यपुस्तकाहून फारशी अधिक नव्हती. दुपारच्या सुटीनंतर आठवीचा वर्ग भरला, आणि चोवीस पडद्यांवर एकदम नकाशा उघडला. अर्ज त्याच आठवड्यात गेले. यंत्रे रद्द करण्याचा प्रस्ताव मी मागे घेतला. त्यासाठी मात्र तीन पत्रे लिहावी लागली.

त्या पडद्याच्या पेटीला हे कळते कसे? मघाच्या विहिरीतल्या हाकेची आठवण करावी. ही पेटी केबलीत विजेचा एक अतिशय अल्पकालीन ठोका सोडते आणि शांत बसून प्रतिध्वनीची वाट पाहते. तांब्याच्या अशा केबलीत संकेत प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे दोन तृतीयांश वेगाने धावतो. शंभर मीटर जाऊन परत येण्यास त्याला सेकंदाचा जेमतेम दहा लाखावा भाग लागतो. तो काळ मोजावयाचा, निम्मा करावयाचा, वेगाने गुणावयाचा. दोष किती मीटरवर आहे ते पडद्यावर येते. तार तुटली असेल तर प्रतिध्वनी सुलटा येतो, दोन तारा चिकटल्या असतील तर उलटा. त्यामुळे अंतराबरोबर दोषाची जातही कळते. स्प्लिट पेअर ओळखावयाची, तर एका जोडीवर संकेत सोडून शेजारच्या जोडीत त्याची कुजबुज किती पोहोचते ते पाहतात; दुभंगलेल्या जोडीत ती फार मोठी असते.

येथे एक गंमत सांगण्याजोगी आहे. चांगल्या यंत्राने एकाच केबलीतील चार जोड्यांची लांबी मोजली, तर ती चार ठिकाणी थोडी थोडी निराळी येते. नवखा माणूस यंत्रास दोष देतो. वास्तविक ज्या जोडीचा पीळ अधिक घट्ट, तिची तार अधिक लांब लागते. वेणी घातल्यावर केस आखूड दिसतात तसेच. तसेच या मोजणीसाठी त्या केबलीतील संकेताचा वेग यंत्रास आधी सांगावा लागतो. तो केबलीच्या निर्मात्याने दिलेला असतो. चुकीचा वेग सांगितला, तर यंत्र तितक्याच आत्मविश्वासाने चुकीचे अंतर सांगते.

केबल कोणती हेच ठाऊक नसेल तर? जुन्या इमारतीत छताजवळ केबलींचा भारा असतो आणि एकीवरही चिठ्ठी नसते. अशा वेळी एका टोकास लहानशी पेटी लावून तारेत पिपाणीसारखा स्वर सोडतात आणि जाड पेन्सिलीएवढी दुसरी कांडी घेऊन भाऱ्यातून फिरतात. योग्य केबलीशी कांडी येताच ती गाऊ लागते. तारेला उघडे करण्याचीही गरज नसते. हे काम पाहण्यात मुलांस फार आनंद होतो असा माझा अनुभव आहे, आणि थोरांसही होतो, ते कबूल करीत नाहीत एवढेच.

येथवर झाली ती तारेची परीक्षा. पण तार निर्दोष असूनही संगणक जगाशी बोलत नाही, असेही घडते. जाणते नेटवर्क टेस्टर म्हणून स्वतःच एक लहान संगणक असतात. संगणकाची केबल काढून या पेटीत घातली, की ती पायरीपायरीने प्रश्न विचारीत जाते. दुसऱ्या टोकास स्विच जिवंत आहे का, आणि किती वेगाने बोलण्यास राजी आहे? वेगाचे उत्तर बारकाईने पाहावे. शंभर मेगाबिटच्या वेगास चारपैकी दोनच जोड्या लागतात, हजारच्या वेगास चारही. यंत्रे हजाराची असताना बोलणे शंभरावर ठरत असेल, तर निळ्या वा तपकिरी जोडीतील एखादी तार तुटली असल्याचा संशय घ्यावा. संगणक चालू राहतो, तक्रार कोणी करीत नाही, आणि वेग दशांशावर येऊन बसतो.

पुढचा प्रश्न, पत्ता मिळाला का? जाळ्यातील एक यंत्र आलेल्या प्रत्येक पाहुण्यास क्रमांक वाटीत असते. ते वाटणारे यंत्रच झोपले असेल, तर संगणक स्वतःशीच एक क्रमांक घेऊन बसतो, आणि तो बहुधा 169.254 या आकड्यांनी सुरू होतो. पडद्यावर हे आकडे दिसले, की तारेची उसाभर थांबवावी आणि पत्ता वाटणाऱ्या राउटरकडे जावे. पत्ता मिळाला असेल तर राउटरला हाक मारावी, त्यानंतर बाहेरच्या एखाद्या ठिकाणास क्रमांकाने, आणि शेवटी त्याच ठिकाणास नावाने. क्रमांकाने उत्तर येते पण नावाने येत नाही, असे झाले तर नावांची वही सांभाळणारे यंत्र बिघडले आहे. ज्या पायरीवर उत्तर थांबते, तेथे दोष. खांबामागून खांब तपासणाऱ्या लाईनमनने याहून निराळे काय केले होते?

या हाक मारण्यास पिंग म्हणतात. पाणबुडी शोधताना ध्वनीचा ठोका पाण्यात सोडून प्रतिध्वनी ऐकतात, त्या ठोक्याचे हे नाव. अमेरिकन सैन्याच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माइक म्यूस यांनी डिसेंबर 1983 मध्ये, जाळ्यातील एक विचित्र बिघाड शोधताना, हा लहानसा प्रोग्राम एका संध्याकाळी लिहून काढला. 2000 साली ते मोटार-अपघातात वारले. त्यांची ती एका संध्याकाळची कृती आज जगातील बहुतेक प्रत्येक संगणकात आहे, आणि वाचकांपैकी कोणालाही ती विनामूल्य वापरता येते. त्यासाठी टेस्टर विकत घेण्याची आवश्यकता नाही. शंभर हाका मारल्या आणि शंभर उत्तरे आली तर उत्तम. सात हरवली तर कोठेतरी सैल जोड आहे असे समजावे. बिनतारी वाय-फायचे निदानही पुष्कळसे असेच होते. मात्र तेथे भिंती, अंतर आणि शेजाऱ्यांची यंत्रे हा स्वतंत्र विषय आहे आणि तो येथे घेत नाही.

पण एका फसवणुकीविषयी लिहिणे अगत्याचे आहे. बाजारात वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम अशी स्वस्त केबल मिळते. ॲल्युमिनियमचा विरोध तांब्याच्या सुमारे दीडपटीहून अधिक. साध्या टेस्टरचे आठही दिवे तिच्यावरही लागतात. केबलीतूनच वीज पुरवून कॅमेरे चालविण्याची जी रीत आता सर्रास आहे, तिच्यात अशी केबल तापते, आणि दूरच्या कॅमेऱ्यास पुरेशी वीज पोहोचत नाही. वाकविले की ती लवकर मोडते. ओळख सोपी आहे: तारेचे टोक ब्लेडने खरवडावे, आत पांढरे चकाकले तर परत करावी. खोके उचलतानाच ते खऱ्या तांब्याच्या मानाने फार हलके लागते. प्रमाण जाळ्यांत ही केबल मान्य नाही, हे दुकानदारास ठणकावून सांगण्यास हरकत नाही.

सर्वांत वरच्या श्रेणीची यंत्रे सर्टिफायर म्हणून ओळखली जातात. त्यांची किंमत लाखांच्या घरात असते, म्हणून संस्थेने ती घेण्याचे कारण नाही. काम करणाऱ्याने ती आणावयाची. ती प्रत्येक केबलीचा क्रम, लांबी, संकेताची घट, शेजारच्या जोड्यांतील कुजबुज हे सारे मोजून केबलवार निकालपत्र देतात. लांबीची मर्यादा शंभर मीटरची आहे. भिंतीतील पक्की केबल नव्वद आणि दोन्ही बाजूंच्या सुट्या दोऱ्या मिळून दहा, अशी तिची वाटणी. नव्या कामाच्या करारात 'प्रत्येक केबलीच्या चाचणीचे छापील निकालपत्र दिल्यावर अखेरचे देयक चुकते होईल' एवढे एक वाक्य घालावे. मुलाचे प्रगतिपुस्तक पाहिल्याविना त्याला वरच्या वर्गात घालण्यास कोणताही पालक तयार नसतो. मग लाखो रुपयांचे काम चार दिवे पाहून ताब्यात का घ्यावे, हे मला कळत नाही. अशी अट घालताच काही ठेकेदार दर वाढवितात, काही निघून जातात. जो राहतो त्याच्याशी व्यवहार करावा.

आमच्या संगणक-खोलीतील कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूस आता एक कागद चिकटविला आहे. त्यावर चोवीस केबलींचे क्रमांक, प्रत्येकीची लांबी आणि ती कोणत्या भिंतीने जाते हे लिहिले आहे. केबलीच्या दोन्ही टोकांना तेच क्रमांक बांधले आहेत. गेल्या पावसाळ्यात अकरा क्रमांकाचा संगणक बंद पडला. ही केबल ग्रंथालयातून वळसा घेऊन येते. कागदावर लांबी अडतीस मीटर होती, यंत्राने सव्वीस दाखविली. आठवीच्या दोन मुलांनी टेप घेऊन स्विचपासून सव्वीस मीटर मोजले, तेव्हा ते ग्रंथालयातील ज्ञानकोशाच्या कपाटामागे पोहोचले. कपाट ओढले. केबल कुरतडलेली होती, आणि शेजारी उंदराने दुसऱ्या खंडाच्या कोपऱ्याचाही समाचार घेतलेला होता.